फ्रीझरचा गार्ड

इबादानमध्ये, मोकोलातल्या आमच्या गल्लीत, वीज आली की लोक ओरडतात. पोरं ओरडतात, म्हातारे ओरडतात, अंगाला साबण लावून उभे असलेले न्हाणीतून ओरडतात. ज्या वीज मंडळाच्या नावाने हा जयजयकार होतो ते केव्हाच मोडीत निघालं. पाटी बदलली, मालक बदलले, वीज मात्र पूर्वीच्याच मर्जीने येत राहिली, म्हणून आम्हीही आरोळी बदलली नाही.

कधीकधी आरोळीच्या मागोमाग जळका वास येतो. वीज येते ती दावं तोडलेल्या बैलासारखी. अशाच एका आगमनात गल्लीतले दोन टीव्ही, न्हाव्याचं केस कापायचं यंत्र आणि शेजारच्या कोलापोच्या आईचं ऑक्सिजनचं मशीन गेलं. टीव्हीवाले रडले. न्हाव्याने कात्री काढली. कोलापोच्या आईंना घरात ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरने वाचवलं.

त्यांना सगळे इयाच म्हणत. इया म्हणजे आई. उभा जन्म त्यांनी मासे धुरावर वाळवून विकले आणि त्यावर मुलं शिकवली. मुलगा शाळेत उपमुख्याध्यापक झाला, मुलगी नर्स होऊन इंग्लंडला गेली, आणि धूर इयांच्या छातीत राहिला. मशीनची नळी नाकाला असेतो त्या गप्पा मारत, सुनेला टोमणे मारत. नळी काढली की थोड्याच वेळात ओठ निळे पडायला लागत.

मुलीने दुसरं मशीन पाठवलं आणि फोनवर भावाला सांगितलं, "दादा, हे जळलं तर तिसरं नाही. आणि तू दारात जाऊन वीज कंपनीला शिव्या देत बसू नकोस, काहीतरी कर."

काहीतरी करायला कोलापो आणि त्याचा कवी शेजारी मी, असे आम्ही दोघं ओगुनपाच्या बाजारात गेलो. कोलापो शाळेत वाणिज्य शिकवतो, आणि बाजारात जाताना वाणिज्याचा पहिला नियम त्याने मला पुन्हा ऐकवला. दुकानदाराला आपली गरज कळता कामा नये. गरज कळली की भाव गेला. शिवाय आईचं दुखणं परक्यासमोर उच्चारणं आमच्याकडे बरं समजत नाहीत. नाव ऐकून दुखणं आणखी पाय पसरतं म्हणे. कोलापोचं यावर दोन पदव्या घेऊनही मत बदललेलं नव्हतं.

दुकानदार उचेना, इबो जमातीचा माणूस. भिंतभर गार्ड टांगलेले, म्हणजे विजेच्या झटक्यापासून यंत्रं वाचवणाऱ्या छोट्या पेट्या.

"या ओगा, या मालक! काय जोडायचंय? टीव्ही? फ्रीज?"

कोलापो छताकडे बघत म्हणाला, "डीप फ्रीझर."

"मांस ठेवता की मासे?"

"मासे."

"बायकोचा धंदा?"

"आईचा."

"देव त्यांना उदंड आयुष्य देवो! मग हा टीव्हीचा गार्ड बघूच नका. तो अर्ध्या मिनिटात वीज आत सोडतो, भोळा आहे. हा घ्या. हा कुणावर विश्वास ठेवत नाही. वीज आली की तिला दारात उभी करतो. लाल दिवा. पाच मिनिटं निरखतो, धड वाटली तर हिरवा दिवा लावून आत घेतो. मधेच गेली तर पुन्हा पहिल्यापासून उभी."

"पाच मिनिटं?" मी विचारलं.

"मेलेल्या माशाला कसली घाई, ओगा?"

आम्ही हसलो. हसण्याच्या भरात कोलापोने भाव आणखी खाली ओढला. परतताना तो इतका खूश होता की मला त्याने उकडलेलं मक्याचं कणीस खाऊ घातलं.

इयांना गार्ड दाखवला तेव्हा त्यांनी लाल दिव्याकडे टक लावून पाहिलं. "हा काय करतो?"

"राखण करतो, इया. तुमचं मशीन आता जळणार नाही."

"आणि मी?"

"तुम्ही पाच मिनिटं हळू श्वास घ्यायचा. बस."

"मालकिणीला बाहेर उभी करणारा राखणदार," इया म्हणाल्या. "अगदी बँकेतल्यासारखा. किती शिकलास रे, कोला."

पाच मिनिटं त्या काढत. डोळे मिटून, मनातल्या मनात एक स्तोत्र म्हणत, आणि हिरवा दिवा लागला की डोळे उघडून आधी सुनेला हाक मारत. अबोसेदेला, म्हणजे सुनेला, ही व्यवस्था फारशी आवडली नव्हती. ती म्हणायचीही, "बाबा इबुकुन, त्या दुकानदाराला विचारून तरी या, दुसरा काही आहे का." नवऱ्याला ती असंच, थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची. कोलापो म्हणायचा, "त्याला काय विचारू? फ्रीझरला घाई झालीय म्हणून?" मशीन सुरक्षित झालं म्हणून सिलिंडरही त्याने परत करून टाकला. पंपांवर तेव्हा पेट्रोलच्या रांगा रस्ताभर लागत होत्या. जनरेटरसाठी जे काही मिळे ते त्याने इयांसाठी राखून ठेवलं होतं. टीव्हीला, पंख्याला, शाळेच्या पेपरांना त्यातला थेंब नाही.

त्या शनिवारी दुपारी वीज वेड्यासारखी करायला लागली. गेली. कोलापो मागच्या अंगणात धावला, दोरी ओढून जनरेटर सुरू केला, खटका जनरेटरवर फिरवला. गार्डचा लाल दिवा लागला. दिवा हिरवा व्हायच्या आत गल्ली ओरडली. वीज आली! जनरेटर बंद, पेट्रोल वाचलं, खटका विजेवर. पुन्हा लाल दिवा. मग वीज गेली. पुन्हा दोरी, पुन्हा धूर, पुन्हा लाल दिवा. पुन्हा आरोळी.

मी कुंपणाशी उभा राहून त्याला सांगत होतो, "अरे, चालू राहू दे ना थोडा वेळ."

"आणि पेट्रोल संपलं की रात्री इयांना काय देऊ? तुझी कविता?"

तो घामाने निथळत होता. त्याच्यासारखा मुलगा गल्लीत दुसरा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो असतो. अबोसेदे आधी इयांपाशी बसली होती. चुलीवर तेल तापत होतं, तर इयांनीच हाताने खूण करून तिला पिटाळलं. वीज तुटली की मशीन शीळ घालायचं. पण अंगणात जनरेटरचा ढणढणाट, आणि तो थांबला की गल्लीचा जयजयकार, आणि ती शीळ तर आम्ही रोजच ऐकत होतो.

एकदा कोलापोने धावताधावता खिडकीतून विचारलं, "इया, ठीक ना?"

इयांनी हात वर केला.

आमच्यात म्हातारी माणसं असा हात वर करून आशीर्वाद देतात. कोलापोने खाली वाकून तो घेतला आणि जनरेटरकडे पळाला.

अबोसेदे तळलेल्या वड्यांची ताटली घेऊन आत गेली आणि ताटली पडल्याचा आवाज आला. वीज तेव्हा आलेली होती. खोलीतला बल्ब लख्ख होता, पंखा फिरत होता, भिंतीवर लाल दिवा होता.

"बाबा इबुकुन! मशीन बंद आहे! मशीन बंदच आहे!"

"वीज आहे ना!" कोलापो दारातूनच ओरडला. मग त्याने दिवा पाहिला.

त्याने गार्ड भिंतीतून उपटला आणि मशीनची पिन थेट भिंतीत खोचली. मशीन तत्क्षणी सुरू झालं. नवंकोरं होतं, आतली एक तारही भाजलेली नव्हती. नळी घसरून गळ्याशी आली होती, ती त्याने इयांच्या नाकाला नीट बसवली, कानांमागून घेतली, आणि त्यांचे हात चोळायला लागला. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरांना आणलं. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळ्यांत विजेरी मारली, पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावला. मग तो घडी करून खिशात ठेवला आणि मशीनचं बटण बंद करायला हात पुढे केला.

कोलापोने त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "आत्ताच तर चालू झालंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ते बसले. अबोसेदे जमिनीवरचे वडे वेचत होती. मशीन घरघरत राहिलं. वीज काही गेली नाही.