न्हाणीघराच्या दाराची कडी

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. न्हाणीघराच्या दाराची. सध्या हातोडी-पक्कडीच्या खणात वाकडी होऊन पडले आहे. थकले आहे हो! आयुष्यभर सरकणं आणि अडणं, दुसरं केलं काय?

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून या घरात आले. घरधनी सुतार. त्यांनी मला लांबलचक स्क्रूंनी बसवलं आणि बायकोला म्हणाले, "बघ, हत्ती आला तरी हलायची नाही!" मी फुलून गेले. चार माणसांच्या घरात एकटं बसून रडायला तेवढीच एक जागा. ती मी राखली.

मग थोरला मुलगा हॉटेलात स्वयंपाकी लागला. भट्टीपुढे दुहेरी पाळ्या. सोबतच्या कुणीतरी पांढरी पूड दिली, "ओढ नाकानं, थकवा पळतो." कोकेन होतं ते. थकवा पळायचा, पण थोड्याच वेळात दुप्पट होऊन परत यायचा. की पुन्हा पूड. पूड ओढायला तो आत आला की मी नीट लागले ना, हे मला ओढून ओढून बघायचा. नाक सतत वाहायचं. आई बिचारी गरम पाण्याचं पातेलं घेऊन दाराबाहेर उभी! "सर्दी अंगावर काढू नये रे, वाफ घे." तो खेकसायचा. जेवण सुटलं, कधी दिवसचे दिवस झोपून राहायचा. मला सगळं दिसत होतं. पण कडीला तोंड कुठलं?

एका दुपारी छातीत कळ येऊन तो आत कोसळला. बाहेर धाकटी बहीण किंचाळत होती, "दादा, दार उघड!" मी घट्टच. माझं कामच ते. बाबांनी खांद्याने धडका मारल्या, तेव्हा कुठे माझे स्क्रू उपटले. "मीच बसवली मेली इतकी घट्ट," म्हणत ते लेकाशेजारी फरशीवर बसून रडले.

तो वाचला. दवाखान्यातलं पुढचं धाकटीच्या तोंडून कानावर आलं. बाबा म्हणाले, "डॉक्टर, कुणाला कळू देऊ नका." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, आजार आहे हा. लपवाल तर वाढेल. एका गोळीने सुटत नाही. बोलावं लागतं, शिकावं लागतं, घरच्यांनीसुद्धा." मग व्यसनमुक्ती केंद्र झालं, समुपदेशकाकडे बैठका झाल्या, हॉटेल सुटलं. मध्ये एकदा त्याचा पाय घसरला, पूड पुन्हा ओढली गेली. पण त्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "बाबा, मला परत तिथे घेऊन चला."

दाराला आता कडी नाही. म्हणून आत गेलेला माणूस गाणं म्हणतो. थोरल्याचा आवाज म्हणजे शिक्षाच! पण तो थांबला की आई हाक मारते, "आहेस ना रे?"

"आहे गं!"

परवा बाबांनी मला ठोकून सरळ करायला काढलं. थोरला म्हणाला, "अजून नको, बाबा. भीती वाटते." बाबांनी मला परत खणात ठेवलं. मला वाईट नाही वाटलं.

मित्रांनो, दारामागे आपलं माणूस फार वेळ गप्प असेल, तर संकोच करू नका, हाक मारा. आणि आत तुम्हीच असाल, तर कुणी दार फोडेपर्यंत थांबू नका. बाहेरून कडी तोडायला बापाचा खांदा लागतो. आतून एक बोट पुरतं.