कोरं पाणी निळं का झालं

आमच्या प्रयोगशाळेत पाण्यातलं फॉस्फेट मोजतात, तेही इतकं थोडं की साबणाच्या हाताने बाटली धरली तरी आकडा चढतो. रसायन घातल्यावर पाणी निळं झालं, की त्यात फॉस्फेट आहे. नदीच्या नमुन्यांसोबत एक बाटली शुद्ध पाण्याची ठेवायची. ती कोरी राहिलीच पाहिजे. त्या आठवड्यात माझी ती बाटली तीनदा निळी झाली.

"चौथ्यांदा झाली तर कायम करण्याचं पत्र विसरा," साहेबांनी सुनावलं.

त्या पत्रासाठी मी दीड वर्ष थांबले होते. मला रडू कमी आणि संताप जास्त आला. बाटल्या आम्लाने विसळून विसळून माझे खांदे भरून आले होते!

साहेबांनी आधी बाटल्या धुणाऱ्या मावशींना फैलावर घेतलं.

"साबण मी घरीसुद्धा जपून वापरते, इथं कशाला उधळू?" म्हणत मावशींनी तोंड फिरवलं. मग माझ्या क्रीमची चौकशी झाली, शाम्पूची झाली. साहेबांची तेवढी राहिली.

म्हणून चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडेच बघत बसले. हातमोजे आम्हाला सक्तीचे, त्यांना नाहीत. जिभेला बोट लावून त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं, तारीख घातली. मग "तुमच्यावर भरवसा नाही" म्हणत रोजच्यासारखी कोऱ्या पाण्याची बाटली ओढली, त्याच बोटाने तिची कड आतून पुसली आणि बूच लावलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थुंकीत फॉस्फेट भरपूर असतं. पण हे साहेबांना सांगायचं कोणत्या तोंडाने?

"मावशी, सांगून टाकू?" मी कुजबुजले.

"तू कशाला सांगतेस? बाटलीला सांगू दे."

मी तेच शुद्ध पाणी घेऊन दुसरी बाटली भरली आणि तिचं बूच स्वतः लावलं. दोन्हींत रसायन घातलं, दोन्ही खिडकीत ठेवल्या. दहा मिनिटांत माझी कोरी आणि साहेबांची गडद निळी. गटाराच्या तोंडाशी घेतलेला नमुनासुद्धा तिच्यापुढे फिका होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही निळी कोणाची?"

"तुमची, साहेब."

मावशींना एकदम फरशी पुसायची आठवण झाली. साहेबांनी पुन्हा करून बघायला लावलं. पुन्हा तेच. मग ते बसले आणि त्यांनी माझी फाईल समोर ओढली. सवयीने बोट जिभेकडे निघालं आणि अर्ध्या वाटेत अडकलं. सगळी खोली त्या बोटाकडे बघत होती.

"मॅडम," हात पाठीमागे घेत ते म्हणाले, "पुढचं पान तुम्हीच उलटा."

मी उलटलं. खाली माझं पत्र होतं. त्यांनी सही केली. मला इतका आनंद झाला की त्यांचाही राग येईना.

मावशी त्यांना हात धुवायला बेसिनपाशी घेऊन गेल्या. साबण मात्र दिला नाही.