काळ्या काचेवरचं बोट

भिंगरीची मान तिचं ऐकत नसे आणि जीभ तर जन्मापासूनच रुसलेली. सांगितलेलं ऐके ते फक्त उजव्या हाताचं एक बोट. ते टॅबलेटवरच्या चित्राला लागलं, की टॅबलेट तिच्या वतीनं बोले. वरच्या कोपऱ्यात ‘आई’, खालच्या कोपऱ्यात ‘नको’, आणि मधे तिनं स्वतः जुळवलेली कितीतरी वाक्यं. मामा दारात आला, की “मामा, आधी तुझं पोट आलं, मग तू!” हे ठरलेलं.

त्या सकाळी मामानं टॅबलेटचा बिघडलेला भाग बदलून आणला. “घ्या बाईसाहेब, उडवा माझी टर!”

भिंगरीचं बोट निघालंही, पण चित्रं आलीच नाहीत. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटली : हे यंत्र ओळखीचं नाही. परवाना थांबवला आहे.

मामानं कंपनीला फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून तो भिंगरीच्या आईकडे वळला.

“ताई, टॅबलेट आपला, पण त्यातलं बोलणारं सॉफ्टवेअर आपलं नाही म्हणे. आपल्याला नुसती वापरायची परवानगी होती. बाहेरचा भाग बसवला, म्हणून ती गेली. नव्या अटी मान्य केल्या तर चालू करतील.”

“मग कर की मान्य!”

“तिचं जुनं सगळं पुसलं जाईल. आणि यापुढे ती जे जे बोलेल, ते त्यांच्याकडेही साठत राहील.”

काचेवर आता एकच बटण होतं : ‘मान्य आहे’. नाही म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती.

“लेकरू मुकं राहण्यापेक्षा...” आई पुटपुटली.

भिंगरीला ओरडायचं होतं. घशातून नुसती हवा निघाली. मी इथेच बसलेय, मला विचारा ना! तिचं बोट सरकलं आणि काळ्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलं. तिथे काहीच नव्हतं. ते पुन्हा तिथेच टेकलं.

“अगं, बटण इकडे आहे. थांब, तूच दाब.” मामानं मायेनं तिचं बोट धरलं आणि बटणाकडे नेलं. भिंगरीनं अंग ताठ केलं. पण मामाच्या पंजापुढे तिच्या बोटाचं काय चालणार?

“सोड तिला!” आई किंचाळली. “तिथे तिचा ‘नको’ असतो!”

चटका बसल्यासारखा मामाचा हात मागे आला. सुटलेलं बोट वरच्या कोपऱ्याकडे गेलं, ‘आई’च्या जागी.

“मग आता बोलशील कशी गं?” म्हणत आईनं तो नवा भाग ज्या खोक्यातून आला होता, तेच खोकं फाडलं. पुठ्ठ्यावर चौकोन आखले. सगळ्यात आधी लिहिलं ‘नको’, जिथल्या तिथे.

भिंगरीनं त्यावर बोट ठेवलं. “नको,” आई मोठ्यानं म्हणाली. आवाज आईचा होता, कापरा. आई पलीकडच्या खोलीत गेली, की तोही तिच्याबरोबर जाणार होता.

शेजारी काळ्या काचेवर ते एकुलतं एक बटण उघडझाप करत होतं. भिंगरीनं पुठ्ठ्यावरचं बोट उचललंच नाही.