निळ्या ताडपत्रीखालचे धुराडे

मित्रांनो, जरा डोळे मिटा. मे महिन्याची दुपार आहे. तुमच्या अंगात जाड, काळा, केसाळ कोट आहे आणि त्याला बटणेच नाहीत. तो काढता येत नाही. कुठे जाल? थंड खोलीत. आणि ती खोलीच तापलेली असली तर?

मी एक जुने धुराडे आहे. पण माझ्यातून कधी धूर गेला नाही. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक छोटे प्राणिसंग्रहालय आहे. तिथल्या शेवंती नावाच्या अस्वलिणीच्या घरावर मी उभे आहे.

मला घडवले इंजिनिअर कुंदाताईंनी. या घरात त्यांना एसी नको होता. "वीज गेली तर शेवंती कोणाला फोन करणार?" असे त्या विचारत. तिथलीच माती दाबून त्यांनी विटा केल्या, जाड भिंती बांधल्या. तळ्याच्या बाजूला, जमिनीलगत जाळीचे झरोके ठेवले. आणि सगळ्यांत वर मी, काळ्या पत्र्याचे. उन्हाने मी तापले की आतली गरम हवा माझ्यातून वर निघून जाई आणि तिच्या जागी तळ्यावरची गार हवा खालून आत येई. पाऊस अडवायला डोक्यावर पत्र्याची टोपी होती.

साकीनाक्याला माझे पत्रे वाकवणारे रतनभाऊ एकदा घरच्यांना घेऊन आले. "बघा, आपलं काम! खाली अस्वल कसं घोरतंय, एकदम झकास!" त्या दिवशी मी किती फुशारले होते.

मग टोपी गंजली. चार थेंब आत पडले. नवी टोपी करायला कोणाला सवड नव्हती. पावसाळ्याआधी आपल्याकडे काय करतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. व्यवस्थापक नंदकुमार म्हणाले, "बांधा रे ताडपत्री. आमच्या सोसायटीच्या गच्चीला घालतात तशी. घट्ट!"

पाऊस संपला. दिवाळी गेली. ताडपत्री सोडायची कोणालाच आठवण झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही.

तोंड बांधून उभे राहण्याने फार थकवा येतो, मित्रांनो. मी तापत होते, पण हवा गळ्याशी येऊन अडत होती. शेवंती खोलीत जाईनाशी झाली. दारातच आडवी पडून धापा टाकायची. पंखा लावला, तर त्याच्या आवाजाने बिचकायची. शेवटी ठरले, मला पाडायचे, झरोके बुजवायचे आणि एसी बसवायचा.

पाडण्याच्या आदल्या दिवशी कुंदाताई मला शेवटचे पाहायला आल्या. बरोबर त्यांची भाची होती, चौथीतली स्वरदा. झाडी इतकी वाढली होती की खालून मी नीट दिसतही नव्हते.

"हे पीस झरोक्यापाशी धर," खाली पडलेले एक पीस उचलून देत कुंदाताई म्हणाल्या. "आत ओढलं जातं का बघ."

"नाही गं आत्या. ढिम्म हलत नाही."

कुंदाताई मान उंचावून झाडीतून मला शोधू लागल्या. स्वरदा मागच्या चढावर पळाली आणि तिथूनच ओरडली, "आत्या, याचं तर तोंडच बांधलंय!"

नंदकुमार धावत आले. "मॅडम, पाणी येत होतं ना. सगळेच बांधतात."

"बांधतात सगळेच. सोडतं कोण?"

शेवंतीची देखभाल करणारे भीमराज शिडी लावून वर चढले. एकेक गाठ सुटली. कोंडलेली हवा भसकन बाहेर पडली आणि खाली स्वरदाच्या हातातले पीस जाळीला जाऊन चिकटले. थोड्या वेळाने शेवंतीने नाक वर केले, उठली आणि सावकाश आत गेली.

नंदकुमारांनी ते पीस जाळीवरून काढून सोडले; ते पुन्हा जाऊन चिकटले. "उद्याचं पाडणं राहू दे," ते म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा कोणीतरी वर चढून आमच्याकडे पाहावे, इतकेच.

"ताडपत्रीची घडी करा रे," नंदकुमार निघता निघता म्हणाले. "जूनमध्ये लागेल."

स्वरदाने ती घडी भीमराजांच्या हातातून ओढून घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"आधी नवी टोपी आणा," ती म्हणाली. "तोवर मी उठणार नाही."