दीड इंचाने उंच

मास्तर शिंपी म्हणून चांगला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही येणार नाही. तीस वर्षं त्याने गल्लीतल्या लोकांची पोटं आणि खांदे मोजले होते. कोणाचं पोट सुटायला लागलंय, हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी मास्तरला कळायचं. पण पाना हातात आला, की ह्याच माणसाचं डोकं रजेवर जायचं. हे त्याच्या वडिलांनी तो बारा वर्षांचा असतानाच ओळखलं होतं. "तुझ्या हाताला सुई बरी," बाबा म्हणाले होते, "पान्याच्या वाटेला जाऊ नकोस." बोलून ते विसरले. मास्तर मात्र आता पंचेचाळिशीला आला तरी विसरायला तयार नव्हता.

बाबांनी आयुष्यभर एकच गाडी चालवली. डोंगराच्या माथ्यावर हवामान खात्याचं केंद्र होतं. तिथे चार माणसं वारा आणि पाऊस मोजत बसायची, आणि त्यांचं पीठ, रॉकेल, पत्रं असं सगळं बाबा आठवड्यातून दोनदा वर नेऊन पोचवायचे. रस्ता इतका वाईट, की चारही चाकांना ताकद असलेली गाडीच तिथे चढायची. ती गाडी म्हणजे रेडा, हे नाव बाबांनीच ठेवलेलं. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, रंग कधीकाळी हिरवा. बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने रेड्यालाही मोडीत काढलं, आणि बाबांनी त्याला घरी आणून दुकानामागच्या शेडमध्ये उभा केला. आठ वर्षं तो तिथेच होता. शेडच्या वरच बाबांची खोली होती.

मग बाबांचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की अजून वर्षभर दिवसाउजेडी बऱ्यापैकी दिसेल, पुढचं काही खरं नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं, घरी आले, जेवायला बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "तीस वर्षं त्या घाटातून गेलो, पण दरी म्हणून कधी बघितली नाही. चालवणाऱ्याला रस्ताच बघावा लागतो. एकदा शेजारच्या सीटवर बसून बघायला हवी होती."

बाबांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. मास्तरने तिथेच ठरवलं, ही दरी बाबांना दाखवायची. त्यात पेपरात बातमी आली, की घाटरस्ता रुंद करायचं काम निघालंय आणि तीन महिन्यांनी, अमुक सोमवारपासून, तो दोन वर्षं बंद राहणार.

"गॅरेजवाल्याला बोलवा," बायको म्हणाली. गॅरेजवालाही चांगला माणूस होता. "आठ दिवसांत चढेल अशी करून देतो," म्हणाला. पण छे! मास्तरच्या अंगात आलं होतं. "मी करणार," त्याने जाहीर केलं. "माझ्या हातांनी करणार. आणि पूर्ण होईपर्यंत शेडचं दार कोणीही उघडायचं नाही."

"तुमच्या हातांनी?" बायकोने त्याच्या हातांकडे बघितलं. मग तिने हळदीचा डबा हाताशी काढून ठेवला.

पुढचे तीन महिने मास्तर सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि दुपारच्या सुट्टीत रेड्याखाली आडवा व्हायचा. मोबाइल छातीवर ठेवून व्हिडिओ बघायचा. व्हिडिओतला माणूस जो नट दोन बोटांनी काढायचा, तो काढायला मास्तरला चार दिवस आणि एक नख लागायचं. ब्रेकचं तेल त्याने स्वतःच्या डोळ्यात घालून घेतलं. वायरिंग नवीन केलं, तर हॉर्न दाबला की वायपर फिरायचे आणि हॉर्न ढिम्म. हे त्याने आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. शेवटी त्याने हॉर्नसाठी वेगळं बटण बसवलं आणि ही सुधारणा आहे असं स्वतःला पटवलं. इंजिन मात्र तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. त्यात मास्तरचं काही कर्तृत्व नव्हतं. नवी बॅटरी, नवं डिझेल, बाकी रेडा मूळचाच दणकट होता. त्या दिवशी मास्तर धुराने काळा होऊन शेडमध्ये एकटाच नाचला.

फक्त एक काम त्याने निर्दोष केलं. सीटची जुनी कव्हरं फाडून टाकली आणि जाड कॅनव्हासची नवी शिवली, दुहेरी टाक्याची, कोपरे असे बसवलेले की सुरकुतीला जागा नाही. पण त्याचं त्याला काहीच कौतुक नव्हतं. ते काय, शिवणकामच.

आणि मग आले पाटे. चाकांवर गाडीचा भार पेलणारे ते लोखंडी पाटे गंजून गेले होते. नवे मागवायला गेला, तर दुकानदाराने विचारलं, "मूळ उंचीचे देऊ, दोन इंच उंच देऊ, का चार इंच?" खडकाळ वाटेला दोन इंच पुष्कळ होतात, असं व्हिडिओतला माणूस दहा वेळा म्हणाला होता. पण मास्तर पडला शिंपी. कापड कापताना थोडी माया सोडायची, जास्त झालं तर आत घालता येतं, कमी पडलं तर बोंबला, हे त्याच्या रक्तात होतं. "चारचे द्या," तो म्हणाला. टायरही एक नंबर मोठे घेतले. वर टपाला कॅरिअर आणि चार दिवे. जुने पाटे, जुने टायर त्याने मोठ्या रुबाबात भंगारवाल्याला देऊन टाकले.

लोखंडाला आत घालता येत नाही, हे ह्या शहाण्याला रविवारी सकाळी साडेसहाला कळलं.

रविवार म्हणजे शेवटचा दिवस. सोमवारी रस्ता बंद. घाटाच्या नाक्यावर दहानंतर एकही गाडी वर सोडणार नव्हते, म्हणजे आठला निघायलाच हवं होतं. रेडा इतके दिवस लोखंडी घोड्यांवर, चाकं अधांतरी ठेवून उचललेला होता, शनिवारी संध्याकाळीच तो पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभा राहिला. मास्तरने सकाळी शेडचं दार उघडलं, रुबाबात केबिनमध्ये चढला, गिअर टाकला आणि तीन फूट पुढे गेला. खर्रर्र करून दिवे दाराच्या तुळईला घासले आणि एक दिवा खाली पडला.

"थांबा!" बायको ओरडली. "अहो, दार लहान आहे!"

"दार तेवढंच आहे," मास्तर खाली उतरत म्हणाला. त्याने वर बघितलं. त्याने टेप काढला. सबंध आयुष्यात लोकांच्या कॉलरी पाव इंचात मोजणाऱ्या माणसाने तीन महिन्यांत एकदाही दार मोजलं नव्हतं.

दिवे आणि कॅरिअर काढले. तरी टप तुळईपेक्षा तीन इंच वरच. चारही टायरांची हवा अर्ध्यावर सोडली. रेडा सुस्कारत खाली बसला. तरीही दीड इंच. मास्तरने तुळईवर टपाच्या उंचीला खडूने रेघ मारली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. ती तुळई फोडणंही शक्य नव्हतं, तिच्यावर बाबांची खोली होती. नवे पाटे उतरवायला त्याला तीन आठवडे लागले असते.

"गाढव आहे मी," तो म्हणाला. "शुद्ध गाढव. त्यांनी एक गोष्ट मागितली, एकच, आणि मी ती शेडमध्ये कोंडून ठेवली." त्याचे डोळे भरून आले, आणि ह्या वेळी ते ब्रेकच्या तेलाने नव्हते.

बायकोने रेड्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "गाढव आहात ते खरं," ती म्हणाली. "पण वजन टाकलं तर खाली बसेल का हे?"

पाच मिनिटांत तिने समोरच्या बेकरीवाल्याला उठवून आणलं. बेकरीवाला एकशे दहा किलोचा, आणि येताना त्याने मैद्याची दोन पोतीही ढकलगाडीवर घालून आणली. मागोमाग त्याची बायको आणि पोस्टमन. वजनदार माणसं हवीत असं सांगून कोणाला बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. मास्तरच्या बायकोने सरळ "मदतीला या" एवढंच सांगितलं होतं. पण मास्तरने घाईघाईत "तुम्ही मागे बसा, तुमची कंबर अठ्ठेचाळीस" असं बेकरीवाल्याच्या बायकोला म्हणून टाकलं, आणि ती जवळजवळ परतच निघाली होती.

सगळे मागच्या हौद्यात चढले. मास्तरने खडूची रेघ बघितली. टप खाली यायच्या ऐवजी अर्धा इंच वर गेलेलं.

"असं कसं?" मास्तर रडकुंडीला आला.

"मागे ओझं टाकलंस तर नाक वर करणारच की तो," मागून आवाज आला.

जिन्याच्या तळाशी बाबा उभे होते. खाकी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात काठी. निघायचं म्हणून ते सहापासून तयार होऊन वर बसले होते, आणि खालची सगळी सर्कस त्यांनी फरशीतून ऐकली होती. शेडमधल्या अंधुक उजेडात त्यांना धड काही दिसत नव्हतं. ते चाचपडत पुढे आले. रेड्याच्या दारावरून हात फिरवत त्यांनी टपापर्यंत नेला, तिथून तुळईपर्यंत.

"उंच केलास," ते म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाला. "चुकलं माझं, बाबा."

"किती इंचाचे पाटे?"

"चार."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले. तो शब्द मास्तरने लहानपणी एकदाच ऐकला होता, गाडी दरीकडे घसरली तेव्हाचा. "उतरा सगळे," बाबा मोठ्याने म्हणाले. "पोती केबिनमध्ये, सीटच्या खाली. तुम्ही बेकरीवाले बॉनेटवर. वहिनी, तुम्हीही बॉनेटवर. पोस्टमन बंपरवर उभा राहील. सूनबाई केबिनमध्ये."

सगळे सांगितल्याप्रमाणे चढले. पाटे कुरकुरले, नाक खाली गेलं.

"पण मला समोरचं दिसत नाही!" मास्तर स्टिअरिंगवरून ओरडला. काचेतून त्याला फक्त बेकरीवाल्याची पाठ दिसत होती, ती फार मोठी होती.

"तुला कशाला दिसायला हवं?" बाबा म्हणाले. "मी आहे ना."

असं म्हणून त्यांनी टप आणि तुळई यांच्या मधल्या फटीत दोन बोटं घातली. ज्याला अंधारात दिसत नाही तो वाट दाखवणार, आणि ज्याला दिसतं तो एका पाठीकडे बघत गाडी हाकणार, असा तो कारभार होता. "हळू. हळू म्हटलं की हळू! आणखी. बेकरीवाले, पुढे वाका. थांब." त्यांची बोटं फटीतून सरकत होती. "श्वास सोड रे, तू आखडलास की गाडी हिसके देते. आता चल."

मास्तरच्या डोक्यावरून तुळई गेली. टपावरून पत्रा खरवडल्याचा बारीक आवाज आला, मग नुसता उजेड. रेडा आठ वर्षांनी गल्लीत उभा होता. बेकरीवाला बॉनेटवरून घसरत खाली आला आणि टाळ्या वाजवू लागला. मास्तरला बाहेर उतरून बाबांना मिठी मारावीशी वाटली, पण दाराची नवी कडी आतून उघडेना, तीही त्यानेच बसवलेली.

"टायरात हवा भरतो," तो खिडकीतून बाहेर येत म्हणाला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "वरच्या दगडांना हवा कमीच लागते. नकळत का होईना, एक काम बरोबर केलंस." पोती उतरवली, बायको दुकान सांभाळायला उतरली, आणि बाबा पलीकडच्या बाजूने केबिनमध्ये चढले. शेजारच्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. सीटवर हात पडताच ते थांबले. शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला, कोपऱ्यापर्यंत आणि परत. "हे कोणी केलं?"

"मीच."

"आणि बाकीचं?"

"तेही मीच."

"ते कळलं," बाबा म्हणाले. पण त्यांचा हात शिवणीवरून निघाला नाही.

पावणेदहाला त्यांनी नाका ओलांडला. ऊन स्वच्छ पडलं होतं. घाट लागला तशी मास्तरला घाम सुटला आणि बाबांना वाचा फुटली. "गिअर खाली. अरे, आधी खाली घ्यायचा, मग चढ! क्लचवरून पाय काढ. तो दगड डावीकडे ठेव. डावीकडे! ब्रेकवर नाचू नकोस." दुसरं वळण, तिसरं वळण, चौथं. खिडकीबाहेर दरी उलगडत होती आणि बाबा खिडकीकडे पाठ करून रस्त्यावर डोळे रोखून बसले होते. त्यांचा उजवा पाय खाली नसलेला ब्रेक दाबत होता.

पाचव्या वळणावर मास्तरचा संयम सुटला. "बाबा, तुम्ही बाहेर बघा ना! त्यासाठीच आलोय आपण! तीन महिने मी ह्या डबड्याखाली मेलो, ते तुम्ही रस्ता बघावा म्हणून?"

"बघतो की," बाबा म्हणाले. "तू नीट चालव, मग बघतो."

मास्तर पुढे वाकला. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं, मग आठवून थोडं सैल धरलं. सुई धरतात तसं. कापड ओढायचं नाही, नुसतं सरकू द्यायचं, हे तो शिकाऊ मुलींना रोज सांगायचा. पुढचं वळण सगळ्यात अवघड होतं, सुटे दगड आणि एका बाजूला काहीच नाही. त्याने वळणाच्या आधीच गिअर खाली घेतला. मोठा दगड डावीकडे ठेवला. रेडा डोललाही नाही, हळूहळू चढत राहिला. मास्तर बाबांच्या ओरडण्याची वाट बघत होता. ओरडणं आलं नाही. पुढचं वळण आलं, त्याच्या पुढचंही.

त्याने क्षणभर, अगदी क्षणभर, शेजारी बघितलं. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. पाय सैल पडले होते. खाकी कोटाची पाठ तेवढी त्याला दिसली. मग त्याने पुन्हा समोर बघितलं, आणि माथ्यावर पोचेपर्यंत नजर हलवली नाही. माथ्यावर धुकं चढायला लागलं होतं. मोजून पाच मिनिटं थांबून ते तसेच खाली उतरले, आणि उतरतानाही बाबांचं तोंड दरीकडेच होतं.

संध्याकाळी रेडा गल्लीतच राहिला, कारण आत जायला पुन्हा बेकरीवाला हवा होता आणि त्याची बायको अजून मास्तरशी बोलत नव्हती. बाबा वर जाऊन कोट न काढताच झोपले. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कशी होती दरी?"

मास्तरने पाणी पिऊन टाकलं. "बाबांना विचार," तो म्हणाला. "मी रस्ता बघत होतो."