कूलरवरच्या अक्षता

दत्तप्रसाद स्वतः चुकलेला असला की त्याचा आवाज जरा जास्तच चढतो, हे त्याच्या बायकोने, पूर्वाने, लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखलं होतं. आईला मात्र ते कधी कळलं नाही. पोरगा ओरडला म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं ती धरून चालायची.

आई, कौशल्याबाई, बार्शीहून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. अण्णा गेले, त्यांची पिठाची गिरणी बंद झाली, मग तिथे एकटीने राहून करायचं काय म्हणून दत्तप्रसादनेच हट्टाने आणलं. आली तेव्हा पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. मग हळूहळू मुरली. सकाळचा चहा तिचा, बाल्कनीतल्या कुंड्या तिच्या, भाजीवाल्याशी हुज्जत तिची. हे घर आपलंही आहे असं तिला वाटायला लागलं होतं. या वयात असं वाटायला वेळ लागतो, आणि मोडायला काहीच लागत नाही.

दत्तप्रसाद हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला, पण बरेचसे दिवस घरूनच काम. त्यासाठी त्याने एक भलामोठा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला होता आणि त्याचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावं लागायचं. नवरात्रात त्याने त्याला नवा कूलर आणला. खोलीतला नव्हे. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर तापतो, त्याच्या डोक्यावर बसवायचा धातूचा ठोकळा आणि त्याला जोडलेला पंखा. कसबा पेठेतल्या दुकानदाराने, दिग्विजयने, "बसवून देऊ का?" असं विचारलंही होतं.

"मी बसवतो. इतकी वर्षं हेच करतोय."

"मग प्रश्नच मिटला," दिग्विजय म्हणाला. पेठेत हे वाक्य कुणी कौतुकाने म्हणत नाही, पण दत्तप्रसादने ते कौतुक म्हणूनच घेतलं आणि घरी येऊन कूलर स्वतःच बसवला.

खंडेनवमीच्या सकाळी आई त्याच्या खोलीच्या दाराशी आली. हातात पूजेचं ताम्हण. "दत्ता, तुज्या मशीनची पूजा करू का रं? गिरणीची करत हुते तशी." त्याच्या कानात हेडफोन होते आणि समोर मीटिंग. त्याने न ऐकताच मान डोलावली. मीटिंग संपवून तो आंघोळीला गेला, तेवढ्यात आईने कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि वरच्या जाळीवर मनोभावे अक्षता टाकल्या. ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढंच तिचं म्हणणं.

दसरा सुट्टीत गेला. दुसऱ्या दिवशी दत्तप्रसादने मोठं काम लावलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. प्रोसेसर तव्यासारखा तापत होता. त्याने डबा उघडला, तर कूलरच्या पात्यांत तांदळाचे दाणे, झेंडूची पाकळी आणि कडेला कुंकवाचा डाग.

मग त्याचा आवाज चढला. समोरच्या फ्लॅटमधल्या सुनीतीकाकू राहिलेलं सोनं द्यायला आल्या होत्या, आपट्याची पानं अजून त्यांच्या हातातच होती. त्यांच्यासमोरच तो आईला म्हणाला, "आई, हे मशीन आहे, देव्हारा नाही! पंख्यात तांदूळ टाकतं का कुणी? नवाकोरा कूलर घालवलास."

"तुला इचारलं हुतं रं मी."

"विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं का?"

सुनीतीकाकूंनी पानं टेबलावर ठेवली आणि चहा नको, गॅसवर कुकर आहे म्हणत काढता पाय घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "पूर्वा, मिक्सर लावला तर चालंल का?" त्याआधी तिने हे कधी विचारलं नव्हतं.

दत्तप्रसादने कूलर काढला. वॉरंटीत परत करायचा तर कुंकू दिसून चालणार नाही, म्हणून स्पिरिट आणि कापूस घेऊन त्याने पातं न् पातं पुसलं. खालची बाजू उष्णता वाहून नेणाऱ्या करड्या पेस्टने माखलेली होती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खोक्यात भरून तो दुकानात गेला.

"पंखा फिरतोय, पण थंड काही करत नाही. पार्टच खराब आहे."

"पाठवतो कंपनीच्या सेंटरला," दिग्विजय म्हणाला. "आपण काही उद्योग केले नाहीत ना?"

"छे."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दुकानातून फोन आला. दत्तप्रसाद गेला, तर दिग्विजयने काउंटरवर तोच कूलर उलटा करून ठेवला होता.

"सेंटरने आला तसा परत पाठवला. पार्ट उत्तम आहे." त्याने नखाने ठोकळ्याच्या तळाचं एक टोक उचललं. पेस्टखाली पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता. "ही फिल्म बसवण्याआधी काढायची असते. तसं तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलंयही. पण आपण इतकी वर्षं हेच करताय, तेव्हा वाचायची गरज पडली नसावी. मध्ये प्लास्टिक असल्यावर उष्णता धातूपर्यंत जाणार कशी?"

तरी दत्तप्रसादने धडपड केली. "पण पंख्यात जर काही गेलं असेल? म्हणजे समजा, तांदळाचे दाणे वगैरे?"

"पंखा फिरत होता असं आपणच म्हणालात." दिग्विजयने त्याच्याकडे नीट पाहिलं. "दोनचार दाण्यांनी काय होतंय? पंखा पुलाव मागत नाही आणि दिला तर नाकारतही नाही." त्याने फिल्म सर्रकन ओढली, चुरगाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

ती डब्यात पडली तेव्हा दत्तप्रसादला हायसं वाटलं. आता हे कुणाला दिसणार नाही. ते हायसं वाटणं गाडीला किक मारेपर्यंत टिकलं, मग त्याला स्वतःची किळस आली. घरी पोचेपर्यंत त्याने मनाशी पक्कं केलं, गेल्या गेल्या आईला सांगायचं.

कूलर बसला, कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला. आई दाराशी आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. "झालं का रं नीट?"

एकच वाक्य बोलायचं होतं. पूर्वाही तिथेच उभी होती. दत्तप्रसाद स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हो. कंपनीने बदलून दिला."

"बरं झालं बया," आई म्हणाली. "माज्यापायी तुजं नुस्कान तरी न्हाई झालं."

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. मग दिवाळी आली. सणासुदीला कशाला, असं ठरवलं. लक्ष्मीपूजनाला देवीला लावायला म्हणून पूर्वाने आईपुढे कुंकवाचा करंडा धरला, तर आईने हात मागे घेतला. "तूच लाव. माज्या हाताला गुण न्हाई." दत्तप्रसाद पाणी प्यायला उठला आणि पूजा होईपर्यंत परत आला नाही. आई आता दिव्याचं बटणसुद्धा विचारून दाबायची. कुंड्यांना पाणी घालायला बाल्कनीत जायचं तर त्याच्या खोलीतून जावं लागे, म्हणून कुंड्याही तिने पूर्वाकडे सोपवल्या होत्या. त्याला हे सगळं दिसत होतं. रोज दिसत होतं आणि रोज त्याच्या तोंडाला कुलूप.

तुळशीचं लग्न झालं आणि जेवताना आईने सांगून टाकलं. ती बार्शीला परत जाणार. तिचा भाऊ माऊली शनिवारी न्यायला येणार होता. "हितं माज्यानं काय ना काय बिघडतंय. आपलं घर बरं."

"असं काय बोलता आई? काय बिघडवलंत तुम्ही?" पूर्वा म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आमटी कालवत होता.

शुक्रवारी आई पलंगावर लुगडी घड्या घालून पिशवीत भरत होती. दत्तप्रसाद येऊन बसला. त्याने घडी धरायला हात लावला, मग तो सोडला आणि सगळं बोलून टाकलं. फिल्म त्याच्याकडूनच काढायची राहिली होती. अक्षतांनी काहीही झालं नव्हतं. कूलर बदलून मिळालेला नाही, तोच आहे. आणि खंडेनवमीला तिने विचारलं होतं, त्यानेच न ऐकता मान हलवली होती.

आई ऐकत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"मग तवा का म्हनलास, कंपनीनं बदलून दिला?"

"खोटं बोललो."

"कुठंय ते प्लास्टिक?"

"दुकानात टाकलं. कचऱ्यात."

"बरं." तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "दत्ता, तुला खोटं बोलाया जमत न्हाई रं."

"आई, हे खरं आहे. शपथ."

"शपथ नगं घालू." तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा उजळला होता. "तुजं अण्णा बी असंच. एकदा माज्या हातनं गिरणीचा पट्टा तुटला. गिऱ्हाइकं दळण टाकून बोंबलत हुती. ह्यांनी तितल्या तितं सांगितलं, पट्टा मी तोडला, तिला बोलू नगा. आन् तू आज माज्यासाठी... बापावर गेलास."

दत्तप्रसादला खाली मान घालावीशी वाटली आणि त्याने घातली. अण्णा सगळ्यांसमोर बोलले होते, लगेच, आणि ती चूक त्यांची नव्हती. त्याने स्वतःची चूक लपवायला दिवाळी उलटू दिली होती. आईने मात्र ती खाली गेलेली मान बघून त्याला जवळ घेतलं.

"तू एवढं माजं मन राखतोस, तर मी कशाला जाऊ?" ती म्हणाली आणि लुगडी परत कपाटात ठेवायला उठली. मग तिने फोन लावला.

"माऊली, येऊ नगंस रं उद्या. व्हय, ऱ्हाते हितंच. चूक माजी, आन् पोरानं सोताच्या अंगावर घेतली बघ. शपथा खातंय! थांब, बोल त्येच्याशी." तिने फोन पुढे केला.

दाराशी पूर्वा येऊन उभी राहिली होती. दत्तप्रसादने फोन कानाला लावला.

"शाब्बास भाच्या," मामा म्हणाला. "आईला सांभाळलंस. असा ल्योक नशिबानं मिळतो."

आई कपाटापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती, कौतुकाने, तोंडभर हसत.

"हं," दत्तप्रसाद म्हणाला, आणि फोन तिला परत दिला.