खालची ओळ

शेठने गावाच्या तळ्याला भिंत घातली, तेव्हा फाटकावरची पाटी पेंटरनेच रंगवली होती. वर ‘खासगी मालमत्ता’, खाली ‘आत येण्यास सक्त मनाई’. तेवढ्यावरून मेहुण्याने त्याच्याशी अबोला धरला. मग मोर्चे निघाले, घोषणा देऊन मेहुण्याचा घसा बसला आणि सरकारने एकदाचं तळं ताब्यात घेतलं. सगळ्यांना आभाळ ठेंगणं झालं.

आज सरकारी साहेबांनी पेंटरला बोलावलं. शिडीवर चढून त्याने ‘खासगी’ खरवडलं, तिथे ‘सरकारी’ लिहिलं आणि खालच्या ओळीला हात घातला.

“अरे, ती कशाला खोडतोस?” साहेब खेकसले. “ती राहू दे. उडालेला रंग तेवढा गडद कर.”

पेंटर चक्रावला. खाली मेहुणा उभा होता, खांद्यावर टॉवेल, हातात साबण.

“दाजी, झालं का? जाऊ का आत?”

आता शिव्या तरी कुणाला घालायच्या, हेच पेंटरला कळेना. त्याने ब्रश काळ्या रंगात बुडवला.

“थांब जरा,” तो वरूनच ओरडला, “रंग ओला आहे.”

मेहुणा भिंतीच्या सावलीत बसला, रंग वाळायची वाट बघत.